अज्ञाताला नाव देणारे भास्कराचार्य

घाटकोपरच्या एका चाळीत शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन गृहिणी सणाच्या आदल्या दिवशी एकाच दुकानातून नारळ आणि अननस घेऊन आल्या, अशी कल्पना करा. पहिलीने ३ नारळ व २ अननस घेतले; तिला १९० रुपये पडले. दुसरीने २ नारळ व ३ अननस घेतले. तिचे २१० रुपये झाले. गर्दीत एका नारळाचा भाव काय आणि एका अननसाचा काय, हे विचारण्याचे दोघींच्याही ध्यानात राहिले नाही. घरी आल्यावर मुलाने नेमके तेच विचारले! पहिलीने आपल्या एकटीच्या हिशेबावरून भाव काढू म्हटले, तर तो निघेना. नारळ २० रुपयांचा धरावा, तर अननस ६५ रुपयांचा होतो. नारळ ४० रुपयांचा धरावा, तर अननस ३५ रुपयांचा होतो. आणि दोन्ही वेळा बेरीज १९० च येते. मग खरा भाव कोणता? तो शोधण्यासाठी शेजारणीचा हिशेबही हाती घ्यावा लागतो. दोन हिशेब एकत्र मांडले, म्हणजे जे दोन भाव दोघींनाही ठाऊक नव्हते ते आपोआप उघडे पडतात. गणिताच्या पुस्तकात या रीतीला एकसामयिक समीकरणे असे भारदस्त नाव आहे. नाव नवे असले तरी रीत फार जुनी आहे. आपल्या महाराष्ट्राच्या भूमीत, सह्याद्रीच्या छायेत वाढलेल्या एका थोर पुरुषाने ती आठशे सत्तर वर्षांपूर्वी मोठ्या सुबोधपणे लिहून ठेवली आहे. त्या पुरुषाचे नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. प्राचीन काळच्या पुष्कळशा विद्वानांची जन्मवर्षे अंदाजाने ठरवावी लागतात. भास्कराचार्यांच्या बाबतीत तसे करावे लागत नाही, कारण आपले जन्मवर्ष आणि ग्रंथ पूर्ण झाला तेव्हाचे आपले वय त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. त्यांचे गोत्र शांडिल्य. पित्याचे नाव महेश्वर. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले नगर असेही त्यांनी सांगितले आहे. हे नगर नेमके कोणते, याविषयी पंडितांत एकमत नाही. परंतु त्यांच्या घराण्याचा सर्वांत मोठा पुरावा खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणे या गावी सापडला, आणि त्यामुळे मराठी माणसाचे लक्ष साहजिकच त्या गावाकडे जाते.

मुंबईहून निघालेली आगगाडी घाटकोपर, मुलुंड, ठाणे ही स्थानके मागे टाकून कल्याणला येते. पुढे कसाऱ्याचा घाट चढून ती नाशिक, मनमाड करीत चाळीसगावास पोहोचते. हा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरांचा प्रवास होय. तेथून नैऋत्येस डोंगरांच्या रांगेकडे वळले, की दाट झाडीत पाटणे लागते. आज तेथे पाटणादेवीचे देऊळ, जुने महादेवाचे मंदिर आणि भोवती अरण्य एवढेच दिसते. परंतु यादवांच्या काळी हे गजबजलेले नगर होते. तेथे पेठ होती, तेलाचे घाणे चालत, माल मोजणारे मापारी बसत. या पेठेची आठवण वाचकांनी मनात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

भास्कराचार्यांचे घराणे पिढ्यान् पिढ्या विद्येत मुरलेले होते. त्यांच्या एका पूर्वजाचे नावही भास्कर असेच होते, आणि त्याला भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळाली होती. पिता महेश्वर हे स्वतः ज्योतिषी होते आणि भास्कराचार्यांचे गुरूही तेच. तेव्हा शिक्षणासाठी या मुलाला दूरदेशी जावे लागले नाही. मात्र घरात विद्या असली म्हणजे ती मुलाच्या अंगी आपोआप येते, असे समजण्याचे कारण नाही. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ अशा पूर्वाचार्यांचे ग्रंथ भास्कराचार्यांनी किती बारकाईने अभ्यासले होते, हे त्यांच्या लेखनावरून स्पष्ट दिसते. ते ग्रंथ फार विस्तृत आहेत, म्हणून त्यांतील सार घेऊन विद्यार्थ्यांसाठी आपण थोडक्यात लिहीत आहोत, असा त्यांचा अभिप्राय आहे. दुसऱ्याच्या श्रमांचा असा मोकळा उल्लेख करणारा ग्रंथकार आदरास पात्र ठरतो.

शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा आपला महान ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. शेवटच्या दोन भागांत ग्रहांच्या गती, ग्रहणे, पृथ्वीचा गोल इत्यादी विषय आले आहेत. पहिल्या दोन भागांत अंकगणित आणि बीजगणित आहे. भारतातील शेकडो वर्षांच्या विद्यार्थ्यांनी गणिताचे पहिले धडे गिरवले ते या दोन भागांवर.

लीलावतीचा प्रारंभच मोठा व्यवहारी आहे. ईश्वरवंदन झाल्यावर ग्रंथकार लगेच नाण्यांचे कोष्टक देतात. २० वराटक म्हणजे कवड्या मिळून १ काकिणी होते. ४ काकिणींचा १ पण. १६ पणांचा १ द्रम्म. आणि १६ द्रम्मांचा १ निष्क. त्यानंतर सोन्याची, धान्याची, जमिनीची मापे येतात. पुढे उदाहरणांत तर सारी बाजारपेठच उभी राहते. एका द्रम्माला ३०० आंबे मिळतात आणि एका पणाला ३० उत्तम डाळिंबे. तर १० आंब्यांच्या बदल्यात डाळिंबे किती मिळतील, असे ते विचारतात. उत्तर १६ आहे. एक द्रम्म म्हणजे १६ पण, हे कोष्टक ज्याला पाठ आहे त्याला ते सहज काढता येईल. ज्याने कोष्टकाकडे दुर्लक्ष केले असेल, तो मात्र येथे फसतो. भास्कराचार्यांना शिकवण्याची कला चांगली अवगत होती ती अशी.

लीलावती या नावाभोवती एक करुण कथा गुंफली गेली आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र पाण्यात ठेवले होते. ती कुतूहलाने वाकून पाहत असता तिच्या अलंकारातील एक मोती निसटून पात्रात पडला आणि छिद्र बुजले; पात्र बुडाले नाही आणि मुहूर्त टळला. तेव्हा पित्याने तिच्या सांत्वनासाठी तिच्या नावाने ग्रंथ रचला, अशी ती कथा. अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ही हकीकत आढळते. कथा हृदयस्पर्शी आहे खरी, परंतु भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लेखनात तिला आधार नाही. त्यांच्या उदाहरणांत कधी बालिकेला संबोधन आहे, तर कधी मित्राला, कधी गणकाला. तेव्हा कथेला कथाच समजावे, आणि ग्रंथाची थोरवी त्या कथेवर अवलंबून नाही हे ओळखावे.

आता बीजगणिताकडे वळू. भास्कराचार्य अंकगणिताला व्यक्तगणित म्हणतात आणि बीजगणिताला अव्यक्तगणित. व्यक्त म्हणजे उघड, ठाऊक असलेले. अव्यक्त म्हणजे अजून न कळलेले. ज्या वस्तूची किंमत आपल्याला ठाऊक नाही तिच्याविषयी विचार करायचा कसा? सामान्य माणूस येथे अंदाजाने भाव धरून पाहतो, चुकला की दुसरा धरतो. भास्कराचार्य सांगतात की ठाऊक नसलेल्या संख्येला प्रथम एक नाव द्यावे, आणि मग ती ठाऊक असल्याप्रमाणेच तिच्याशी वागावे. तिची बेरीज करावी, वजाबाकी करावी, गुणावे, भागावे. पहिल्या अज्ञाताला ते यावत्तावत् म्हणतात. यावत्तावत् म्हणजे जेवढे असेल तेवढे. एकाहून अधिक अज्ञाते असतील तर पुढच्यांना ते रंगांची नावे देतात: कालक म्हणजे काळा, नीलक म्हणजे निळा, पीतक म्हणजे पिवळा, लोहितक म्हणजे तांबडा. लिहिताना या नावांची आद्याक्षरे घ्यायची: या, का, नी, पी, लो. आज शाळेत आपण जेथे क्ष आणि य लिहितो, तेथे ते या आणि का लिहीत. ऋण संख्या दाखवण्यासाठी तिच्यावर टिंब देत. रंगांना संस्कृतात वर्ण म्हणतात. म्हणून एका अज्ञाताच्या समीकरणाला एकवर्ण आणि अनेक अज्ञातांच्या समीकरणाला अनेकवर्ण समीकरण असे नाव पडले.

दोन अज्ञात किमतींचे प्रश्न त्यांच्याही पूर्वी आपल्याकडे होते, हे येथे सांगितले पाहिजे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या गणितसारसंग्रहात एक सुंदर प्रश्न आहे. ९ महाळुंगे आणि ७ कवठे यांची किंमत १०७. ७ महाळुंगे आणि ९ कवठे यांची किंमत १०१. तर प्रत्येकाची किंमत किती? घाटकोपरच्या गृहिणींचा प्रश्न याच घाटाचा आहे. दोन्ही हिशेब एकत्र केले तर १६ महाळुंगे व १६ कवठे २०८ ला पडली. म्हणून एक महाळुंग आणि एक कवठ मिळून १३. एकातून दुसरा हिशेब वजा केला तर दोन महाळुंगे दोन कवठांहून ६ ने महाग. म्हणून एक महाळुंग एका कवठाहून ३ ने महाग. तेव्हा महाळुंग ८ चे आणि कवठ ५ चे. परंतु ही बेरीज-वजाबाकीची युक्ती इतकी सोपी झाली ती ९ आणि ७ हे आकडे दोन्ही हिशेबांत केवळ अदलाबदल होऊन आले म्हणून. आकडे तसे नसतील तेव्हा काय करायचे? त्यासाठी सर्व ठिकाणी चालणारी रीत हवी. भास्कराचार्यांच्या अनेकवर्ण समीकरणाच्या प्रकरणात ती नीटनेटकी मांडलेली सापडते.

ती रीत नारळ आणि अननसाच्या हिशेबाला लावून पाहू. नारळाचा भाव या, अननसाचा भाव का. पहिल्या गृहिणीचा हिशेब असा, की ३ या आणि २ का मिळून १९०. म्हणजे १९० मधून २ का वजा करून उरलेल्याचे तीन भाग केले की एक या मिळेल. दुसरीचा हिशेब असा, की २ या आणि ३ का मिळून २१०. म्हणजे २१० मधून ३ का वजा करून उरलेल्याचे दोन भाग केले की पुन्हा तोच या मिळेल. एकाच या चे हे दोन निरनिराळे वर्णन झाले. नारळ तर एकच भावाचा आहे, तेव्हा ही दोन वर्णने सारखी असलीच पाहिजेत! ती एकमेकांसमोर मांडून छेद काढून टाकले, की ३८० उणे ४ का बरोबर ६३० उणे ९ का असे होते. पाहा, या निघून गेला आणि एकटा का उरला. ५ का म्हणजे २५०. म्हणून अननस ५० रुपयांचा. मग नारळ ३० रुपयांचा हे सांगायला वेळ लागत नाही. पडताळा पाहावा: ३ नारळांचे ९०, २ अननसांचे १००, मिळून १९०, आणि २ नारळांचे ६०, ३ अननसांचे १५०, मिळून २१०. पडताळ्याची ही पायरी आळसाने गाळणाऱ्या विद्यार्थ्यांचे किती गुण जातात, हे प्रत्येक गणितशिक्षकाला ठाऊक आहे.

रीत सांगून झाली म्हणजे काम संपले असे भास्कराचार्य मानीत नसत. बीजगणितात खरे बीज म्हणजे बुद्धीच होय, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांची उदाहरणे एकाहून एक चढती आहेत. प्रारंभी अगदी साधे उदाहरण येते. एकाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० रुपयांचे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी आहे, तर घोड्याची किंमत किती? येथे अज्ञात एकच. पहिल्याच्या बाजूला ४ घोडे कमी, पण त्याऐवजी ४०० रुपये अधिक. म्हणून घोडा १०० रुपयांचा. ऋण आणि धन या दोहोंना एकाच हिशेबात कसे बसवावे, हे विद्यार्थ्याला नकळत समजून जाते.

पुढे दोन मित्रांचा प्रश्न येतो, आणि तो मोठा चतुर आहे. पहिला म्हणतो की तू मला १०० दिलेस तर माझे धन तुझ्या दुप्पट होईल. दुसरा म्हणतो की तू मला १० दिलेस तर माझे धन तुझ्या सहापट होईल. दोघांजवळ किती किती धन आहे? येथे अज्ञाते दोन आहेत, तेव्हा दोन रंग घेऊन वरच्या रीतीने प्रश्न सुटेलच. परंतु भास्कराचार्य एकाच अज्ञातात तो कसा सोडवावा हेही दाखवतात. १०० दिल्यावर दुसऱ्याजवळ जे उरेल, त्यालाच या म्हणावे. मग आरंभी दुसऱ्याजवळ या अधिक १०० होते. देणे-घेणे झाल्यावर पहिल्याजवळ २ या झाले. म्हणून आरंभी त्याच्याजवळ २ या उणे १०० होते. पहिल्या मित्राचे म्हणणे अशा प्रकारे नाव ठेवतानाच वापरले गेले! आता केवळ दुसऱ्याचे म्हणणे उरले. त्याला १० मिळाले की त्याच्याजवळ या अधिक ११०, आणि पहिल्याजवळ २ या उणे ११०. पहिले दुसऱ्याच्या सहापट आहे. म्हणून या अधिक ११० बरोबर १२ या उणे ६६०. यावरून ११ या म्हणजे ७७०, आणि या म्हणजे ७०. पहिल्याजवळ ४० होते, दुसऱ्याजवळ १७०. अज्ञाताला नाव द्यायचे ते कोणत्या ठिकाणी द्यायचे, यातच अर्धे गणित सुटते, हे या उदाहरणाइतके चांगले क्वचितच कोणी दाखवले असेल.

परंतु गृहिणींच्या कथेत जी अडचण सुरुवातीला आली होती, तिचे काय? हिशेब एकच आणि अज्ञाते अनेक असतील तर? भास्कराचार्यांनी ही अडचण टाळली नाही; उलट तिच्यासाठी रत्नांचा एक प्रश्न रचला. एकाजवळ ५ माणके, ८ नीलमणी, ७ मोती आणि ९० रुपये आहेत. दुसऱ्याजवळ ७ माणके, ९ नीलमणी, ६ मोती आणि ६२ रुपये आहेत. दोघे सारखेच धनवान आहेत, तर प्रत्येक रत्नाची किंमत सांगा. अज्ञाते तीन, आणि माहिती एकाच बरोबरीची. भास्कराचार्य म्हणतात की येथे काही गोष्टी आपल्या इच्छेने धराव्या लागतील. मोत्याच्या दुप्पट नीलमण्याची आणि तिप्पट माणकाची किंमत धरली, तर मोती ४, नीलमणी ८ आणि माणिक १२ असे उत्तर येते. नीलमणी ५ चा आणि मोती ३ चा धरला, तर माणिक १३ चे येते. दोन्ही उत्तरे खरी आहेत! येथे भावच एक ठरत नाहीत, आणि तसे स्पष्ट सांगणे हेच बरोबर उत्तर होय. माहिती अपुरी असता एकच उत्तर ठामपणे सांगणारा माणूस गणितात चुकतो, आणि बाजारात तर फारच चुकतो.

असाच एक मोठा प्रश्न चार व्यापाऱ्यांसारख्या चार माणसांचा आहे. पहिल्याजवळ ५ घोडे, २ उंट, ८ खेचरे आणि ७ बैल; दुसऱ्याजवळ ३ घोडे, ७ उंट, २ खेचरे आणि १ बैल; तिसऱ्याजवळ ६ घोडे, ४ उंट, १ खेचर आणि २ बैल; चौथ्याजवळ ८ घोडे, १ उंट, ३ खेचरे आणि १ बैल. चौघांची संपत्ती सारखी आहे. येथे चार रंग लागतात आणि बरोबऱ्या तीनच मिळतात, म्हणून उत्तरे अनंत निघतात. पूर्ण अंकांतील सर्वांत लहान उत्तर असे, की घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१ आणि बैल ४. प्रत्येकाची संपत्ती किती होते, ते ज्याला उत्साह असेल त्याने करून पाहावे. चौघांचाही आकडा एकच यायला हवा.

भास्कराचार्यांची बुद्धी याहूनही कितीतरी अवघड वाटांनी गेली आहे. एखाद्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या त्यांनी चक्रवाल नावाच्या पद्धतीने काढली. ती संख्या २२,६१,५३,९८० आहे. हाच प्रश्न पुढे १६५७ मध्ये फ्रान्समधील गणिती फर्मा याने युरोपातील पंडितांपुढे आव्हान म्हणून ठेवला. तेव्हा भास्कराचार्यांचे उत्तर लिहून झाल्याला पाचशे वर्षे उलटली होती. परंतु युरोपात ते कोणाला ठाऊक नव्हते.

वार्धक्यातही त्यांची लेखणी थांबली नाही. शके ११०५ म्हणजे इसवी सन ११८३ हा आरंभ धरून त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. ग्रहांची स्थाने झटपट काढता यावीत, असा त्याचा हेतू आहे. त्या वेळी ते एकोणसत्तर वर्षांचे होते.

त्यांच्या पश्चात त्यांच्या ग्रंथांनी दूरदूरचा प्रवास केला. फैजीच्या लीलावतीनंतर शहाजहानच्या काळात बीजगणिताचेही फारसीत भाषांतर झाले. जॉन टेलर याने केलेले लीलावतीचे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये छापले गेले, ते आपल्या मुंबईतच. पुढच्याच वर्षी हेन्री कोलब्रुक याने लीलावती आणि बीजगणित ही दोन्ही इंग्रजीत आणली. अशा रीतीने जगाला भास्कराचार्य कळले. परंतु त्यांचे घराणे कोणते, त्यांच्यामागे त्यांची विद्या कोणी सांभाळली, हे अजून अंधारातच होते.

हा अंधार दूर करण्याचे श्रेय मुंबईच्याच एका गृहस्थांकडे जाते. डॉ. भाऊ दाजी लाड हे नामांकित डॉक्टर होते. रोग्यांना तपासण्यात दिवस घालवून उरलेला वेळ ते जुने शिलालेख, नाणी आणि पोथ्या यांच्या शोधात खर्च करीत. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे. मुलुंड-घाटकोपरची मुले लोकलने भायखळ्याला उतरून ते संग्रहालय पाहायला जातात, तेव्हा त्या नावामागे भास्कराचार्यांचाही संबंध आहे हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. पाटण्याच्या देवळातील एक शिलालेख भाऊ दाजींनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याविषयी लिहिले. त्या लेखात भास्कराचार्यांची वंशावळ होती. पूर्वजांची नावे होती, पिता महेश्वर होते, आणि पुढच्या पिढ्याही होत्या. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने याच नगरातून बोलावून नेऊन आपल्या दरबारी मान दिला. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ केवळ घरातील पेटीत राहू नयेत, ते शिकवले जावेत, या हेतूने या नातवाने पाटण्यास एक मठ स्थापिला. सिद्धांतशिरोमणी आणि या घराण्यातील इतर ग्रंथ तेथे विद्यार्थ्यांना शिकवावयाचे होते. (हा चांगदेव आणि ज्ञानेश्वरांना भेटलेले योगी चांगदेव यांची गल्लत कोणी करू नये.) त्या प्रदेशावर राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्यातील सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी मठाला दाने दिली. लेखातील शक ११२८ आहे. म्हणजे करणकुतूहलानंतर पंचवीस वर्षेही झाली नव्हती.

हा शिलालेख संस्कृतात आहे, पण त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे, आणि मराठीतील अत्यंत जुन्या लेखांत त्याची गणना होते. मठ चालवायला पैसा कोठून येणार, याची तजवीज या मराठी भागात सांगितली आहे. राजांची आणि पंडितांची नावे संस्कृतात लिहिली; बाजारच्या माणसांना जे कळायला हवे ते मात्र त्यांच्या बोलीत लिहिले. पाटण्याच्या पेठेत जो माल विक्रीस उघडला जाईल, त्यावर राजाला मिळणाऱ्या उत्पन्नाचा वाटा मठाला दिला होता. गिऱ्हाइकाकडून सुपाऱ्या घ्यायच्या होत्या. जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येक घाण्यामागे एक पळीभर तेल मठात जायचे होते. आणि पेठेत जे काही मोजायचे ते मठाच्या मापानेच मोजावे, मोजणीच्या उत्पन्नातील अर्धा भाग मठाला आणि अर्धा मापाऱ्याला मिळावा, असेही ठरले होते.

सकाळी पेठेत तेली आपली पळी मठाच्या भांड्यात ओती, मापारी धान्य मोजी, गिऱ्हाइके भावावरून घासाघीस करीत. आणि जवळच मठाच्या ओसरीवर मुले पाटीवर धूळ पसरून घोड्याची, उंटाची, माणकाची किंमत काढीत बसत, कुठे या लिहीत, कुठे का.